घरोघर जाणाऱ्या ताईंसाठी: ताण उतरवायचा कसा, बोलायचं कसं

एका आढावा बैठकीनंतर आम्ही आशा आणि अंगणवाडी सेविकांना कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या होत्या. नाव लिहायचं नाही. गेल्या महिन्यात कशामुळे झोप लागली नाही, एवढंच लिहायचं. त्याआधी तोंडी विचारलं होतं तेव्हा सगळ्यांचं उत्तर एकच होतं, "काम फार झालंय हो." चिठ्ठ्या उघडल्या तर त्यांत काम जवळपास कुठेच नव्हतं. ‘मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, तुला वाचता येतं का.’ ‘बाळाच्या आजीने दारातूनच परत पाठवलं.’ ‘नवरा म्हणतो, एवढ्या पैशांत रानात खुरपायला गेलेलं परवडतं.’ जवळपास प्रत्येक चिठ्ठीत एक माणूस होता आणि त्याने टाकलेलं एक वाक्य होतं.

तेव्हापासून मी ‘ताणतणाव’ एका दिवशी आणि ‘संवादकौशल्य’ दुसऱ्या दिवशी, असं प्रशिक्षण घेणं बंद केलं. या कामात ताण शिरतो तो बोलण्याच्या वाटेने, आणि बराचसा बाहेरही त्याच वाटेने काढावा लागतो. खालची उदाहरणं आशा आणि अंगणवाडी सेविकांची आहेत, कारण मला तेच काम जवळून माहीत आहे. वृद्धाश्रमातल्या मावशींना किंवा बालगृहातल्या काळजीवाहकांना त्यातलं बरंच लागू पडेल, थोडं जुळवून घ्यावं लागेल.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मानधन चार महिने रखडलं असेल तर त्यावर दीर्घ श्वास हा उपाय नव्हे. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार दिला. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले, आणि त्याच आशांना मोबदल्यासाठी पुढेही मोर्चे काढावेच लागले. २०२१ साली महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट मोबाइल परत केले. माझ्या दृष्टीने ताण कमी करण्याचा तो एक उत्तम सामूहिक उपाय होता. म्हणून पहिली पायरी हीच, की कुठला ताण कुणाच्या दारात नेऊन ठेवायचा हे ओळखायचं.

पायरी १: आठ दिवसांची वही

शंभर पानी वही नको, मागची दोन पानं पुरतात. रोज संध्याकाळी तीन ओळी लिहा: कुणाशी बोलताना बिनसलं, नेमकं कुठलं वाक्य लागलं, आणि अंगात कुठे जाणवलं. कुणाचं डोकं ठणकतं, कुणाच्या छातीत धडधडतं, कुणाची पित्ताने आग होते. ‘आज फार टेन्शन आलं’ असं लिहून काही हाती लागत नाही. ‘सव्वाअकरा, वजन घेताना, पोराचा बाप म्हणाला तुमचा काटाच खोटा’ असं लिहिलं की लागतं.

आठ दिवसांनी पेन घेऊन प्रत्येक नोंदीपुढे खूण करा. माझ्या हातात असेल तर ‘मी’. आम्ही चौघी-पाचजणी मिळून बदलू शकू असं असेल तर ‘आम्ही’. वरच्यांनीच बदलायला हवं असेल तर ‘ते’. काट्याची तक्रार ‘आम्ही’मध्ये जाते: सगळ्यांच्या समोर काटा शून्यावर आहे हे दाखवून मगच वजन घ्यायचं, असं बीटमध्ये, म्हणजे एका पर्यवेक्षिकेखालच्या अंगणवाड्यांच्या गटात, ठरवता येतं. एकच माहिती रजिस्टरमध्येही आणि अ‍ॅपमध्येही भरावी लागते, हे ‘ते’. आजीने दारातून परत पाठवलं, हे मात्र बहुतेक वेळा ‘मी’. ‘ते’च्या खात्यातल्या गोष्टींसाठी रात्री स्वतःला दोष देत जागणाऱ्या बायका मी फार पाहिल्या आहेत. ही खूण करण्याचा पहिला फायदा तोच, निम्मा दोष जागच्या जागी परत जातो.

वही लिहिताना एका गोष्टीवर नजर ठेवा. १९७४ साली न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात काम करणाऱ्या हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांकडे बघून ‘बर्नआउट’ हा शब्द रूढ केला. पुढे ख्रिस्तिना मॅसलॅक यांनी त्याच्या तीन खुणा सांगितल्या: आतून पार रिकामं वाटणं, समोरच्या माणसाबद्दल काहीच न वाटणं, आणि आपल्या कामाने काही फरक पडत नाही अशी खात्री होणं. यातली मधली खूण आपल्याकडे सगळ्यात आधी दिसते आणि सगळ्यात उशिरा ओळखली जाते. ‘ती सातव्या महिन्याची’, ‘ते सॅमचं (म्हणजे अतितीव्र कुपोषित) पोर’, ‘ती कटकटी म्हातारी’. माणसाचं नाव तोंडी यायचं थांबलं की समजावं, मन निबर व्हायला लागलंय. तुम्ही वाईट झालात असा त्याचा अर्थ घेऊ नका. अति वापराने हाताला घट्टे पडतात तसंच हे. बर्नआउट हा आजार नव्हे, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली स्पष्ट केलं. कामाच्या ठिकाणचा, न हाताळलेला ताण साचून होणारी अवस्था, असंच ती त्याला म्हणते.

पायरी २: कामाला कुंपण

आशा त्याच गावात राहणारी असावी आणि शक्यतो विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित असावी, अशी निवडीची अटच आहे. म्हणजे बहुतेक जणी गावच्या सुना. ऑफिस बंद करून घरी जाण्याची सोय नाही, पिठाच्या गिरणीतही कुणी तरी विचारतं, "माझे पैसे कधी येणार गं?" म्हणून कुंपण स्वतःच घालावं लागतं, तेही माणसं न तोडता.

फोनचे तीन प्रकार करा. पहिला, जिवाशी संबंधित: कळा सुरू झाल्या, अंगावरून जास्त जातंय, झटके आले, बाळ दूध ओढत नाही. हा रात्री दोन वाजताही घ्यायचा. मात्र तुम्हाला फोन करण्याआधी १०८ किंवा १०२ लावायचं, हे प्रत्येक गरोदर बाईच्या घरी सातव्या महिन्यातच पढवून ठेवा. दुसरा प्रकार, उद्या चालेल असा: लसीचं कार्ड हरवलं, डोस कधी आहे. तिसरा, तुमच्या कामाचाच नसलेला: रेशनकार्ड, आधार, कुणाच्या तरी अनुदानाचा अर्ज. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराला एकच ठरलेलं वाक्य ठेवा, रोज नवं शोधू नका. "काकू, आत्ता पोरांना जेवायला वाढतेय, सकाळी दहाला अंगणवाडीत या, वहीत बघूनच सांगते." यात नकार नाही, वेळ आणि जागा आहे. पंधरा दिवस तेच वाक्य सांगितलं की गावाला सवय लागते. मधेच एखाद्या दिवशी विरघळलात तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, हेही अनुभवाने सांगते.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचं ‘अर्जंट’ हे वेगळं दुखणं आहे. सकाळी लसीकरण, दुपारी सर्वेक्षण, संध्याकाळी कुणाची तरी व्हीसी (व्हिडिओवरची बैठक), आणि मधेच ‘आत्ता लगेच फोटो टाका’. इथे ‘जमणार नाही’ म्हणायची हिंमत होत नाही आणि ‘हो’ म्हटलं तर रात्रीचे अकरा वाजतात. यातून निघायचा रस्ता म्हणजे निवड समोरच्याच्या हातात देणं. ग्रुपवर नाही, खासगीत लिहा: "मॅडम, आज माझ्याकडे तीन कामं आहेत: दोन गृहभेटी, लसीकरणाची यादी आणि हा सर्वे. संध्याकाळी पाचपर्यंत यातली दोनच होतील. आधी कुठली करू?" उत्तर आलं तर त्या उत्तराची नोंद तुमच्याकडे राहते. उत्तर नाही आलं, तरी तुम्ही विचारलं होतं याची नोंद राहते. पुढच्या बैठकीत ‘सर्वे का राहिला’ असं विचारलं की मोबाइल पुढे करायचा, बस्स.

पायरी ३: उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत

या लेखातला सर्वांत मोठा भाग हाच, कारण बिघडलेली एक गृहभेट दिवसभर पुरते.

आज आशा ज्या नवजात बाळाच्या भेटी देतात, त्यांची मुळं गडचिरोलीत आहेत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे गावातल्याच बायकांना घरी जाऊन नवजात बाळ तपासायला शिकवलं. त्याने बालमृत्यू कमी होतात, हे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, अशा सहा भेटी ठरलेल्या आहेत. म्हणजे एकाच सासूशी सहा वेळा गाठ. पहिल्या भेटीत वाजलं तर पुढच्या पाच भेटी ओढत न्याव्या लागतात.

तिसरा दिवस. बाळाला मध चाटवलाय. आपण बहुतेक जणी काय म्हणतो?

"अहो काकू, मध कशाला दिला? कितीदा सांगितलं होतं! बाळाला काही झालं तर?"

"आम्ही काय पोरं वाढवली नाहीत? तुझा नवरा माझ्या डोळ्यांदेखत नागडा फिरायचा."

संपलं. शास्त्र तुमच्या बाजूने आहे, नातं त्यांच्या बाजूने, आणि गावात नातंच जिंकतं. आता तीच भेट दुसऱ्या रीतीने.

दाराशी क्षणभर थांबा. मागच्या घरातलं भांडण बाहेर ठेवायला एक लांब श्वास पुरतो. चपला काढताना घ्या, कुणाला दिसतही नाही. आत गेल्यावर उभ्या उभ्या बोलू नका, खाली बसा. पिशवीतून फॉर्म लगेच काढू नका.

"काकू, बाळाला टोपडं, पायमोजे, सगळं नीट घातलंय. तुम्ही घातलं?"

"मग कोण? हिला कुठं काय जमतंय."

"रात्र कशी गेली?"

"रडून रडून जीव नकोसा केला. हिला दूधच नाही. म्हणून जरासा मध लावला जिभेला."

"रडायला लागलं की आपलाच जीव थाऱ्यावर राहत नाही. उपाशी राहतंय की काय, असं वाटलं तुम्हाला."

"तर काय!"

"मध दिल्यावर थांबलं?"

"थांबलं थोडा वेळ. मग परत सुरू."

"काकू, एक सांगू का? आम्हाला शिकवलंय त्यातलं."

"सांग की."

"एवढ्याशा जिवाचं पोट इवलंसं असतं. मधाने ते शांत होतं, मग अंगावर ओढत नाही. आणि ओढलं नाही की दूध उतरत नाही. आज मध बाजूला ठेवून, दर दोन तासांनी अंगावर लावून बघायचं का? तुम्ही घड्याळाकडे लक्ष द्या, ही पाजेल. सातव्या दिवशी मी येणारच आहे, वजन करून बघू. त्याआधी बाळ सुस्त वाटलं, ओढेनासं झालं किंवा अंग गार लागलं तर लगेच फोन करा."

यात काय काय झालं, बघा. आधी एक खरी चांगली गोष्ट दिसली आणि बोलून दाखवली. खोटी स्तुती आजीला लगेच कळते. मग प्रश्न विचारला, तोही ‘का केलं’ असा नाही, ‘कशी गेली’ असा. ‘का’ने सुरू होणारा प्रश्न मराठीत झडतीसारखाच ऐकू येतो. मग आजीचंच म्हणणं तिला परत सांगितलं, आणि त्यात मधाचं समर्थन कुठेही केलं नाही. माहिती देण्याआधी विचारलं, ‘सांगू का?’ कुणी ‘नको’ म्हणत नाही, पण ‘सांग की’ म्हटल्यावर ऐकायची जबाबदारी ऐकणाऱ्यावर येते. सांगितलं एकच, फक्त मधाचं. लसीकरण, नाळेची निगा, आंघोळ हे पुढच्या भेटीसाठी ठेवलं. अपवाद एकच: धोक्याची खूण दिसली तर हे सगळं बाजूला ठेवून सरळ दवाखाना. आणि शेवटी आजीला काम दिलं. घड्याळ तिच्या हातात गेल्यावर दर दोन तासांनी सुनेला उठवण्याची चिंता तिची झाली. आता ती तुमच्या विरोधात उभी नाही, तुमच्या बाजूची पहारेकरी आहे.

सून घरात गप्प असते, हे वेगळंच प्रकरण. तिचं खरं दुखणं सासूसमोर निघत नाही. "चल, मला जरा मोरी दाखव, हात धुवायचेत," एवढ्यावर दोन मिनिटं मिळतात. त्या दोन मिनिटांत सल्ला देऊ नका, फक्त विचारा, "तू कशी आहेस?" आणि गप्प बसा. गप्प बसणं आपल्याला सगळ्यात अवघड जातं. मनात दहापर्यंत मोजा. मी प्रशिक्षणात हे घड्याळ लावून करून घेते. दहा सेकंद केवढी लांब असतात, हे कळल्यावर बायका हसायला लागतात.

नुसतं नीट ऐकणं आणि बेताचं बोलणं यात केवढं बळ आहे, याचा पुरावा शेजारी गोव्यात आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, साध्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना मदत दिली. सरकारी केंद्रांतले रुग्ण त्याने अधिक प्रमाणात बरे झाले, हे २०१० साली प्रसिद्ध झालं.

पायरी ४: समोरचा तापलेला असताना

"हे काय पाकीट देता? जनावर खाणार नाही असला आहार!" बाप टेक होम रेशनचं, म्हणजे अंगणवाडीतून घरी न्यायच्या पोषण आहाराचं, पाकीट तुमच्यासमोर आपटतो. ते पाकीट तुम्ही बनवलेलं नाही, निवडलेलं नाही. तरी ‘मी काय करू, वरूनच तसं येतं’ हे वाक्य गिळा. ते खरं असलं, तरी ऐकणाऱ्याला त्यात फक्त ‘मला काय त्याचं’ ऐकू येतं.

त्याला बोलू द्या. कुणी मधे न तोडता ऐकत असेल तर एकट्याने ओरडत राहणं अवघड असतं, बहुतेकांचा आवाज मिनिटभरात खाली येतो. तुमचा आवाज त्याच्यापेक्षा हळू ठेवा. मग तीन गोष्टी, याच क्रमाने. "पोराने तोंडात घातलं नाही, म्हणून तुम्ही चिडलात." मग, "हे पाकीट माझ्याकडे ठेवते, बॅच नंबर लिहून घेते आणि आजच मॅडमना फोटोसह कळवते." आणि शेवटी, "नवं पाकीट कधी येईल ते आत्ता मला सांगता येणार नाही, पण शुक्रवारी काय उत्तर आलं ते मीच तुम्हाला सांगेन." शुक्रवारी उत्तर आलेलं नसलं तरी जाऊन तेवढंच सांगा. दिलेला वार पाळणारी बाई गावाला फार दिवस लक्षात राहते.

पण रागाची आणि धोक्याची सरमिसळ करू नका. समोरचा प्यायलेला आहे, दार अडवून उभा आहे, अंगावर येतोय किंवा घाणेरडं बोलतोय, तर तिथे संवादकौशल्य दाखवत बसायचं नाही. उठायचं, "बाहेरून फोन आलाय" म्हणून निघायचं, गरज पडली तर ११२ लावायचा. ज्या घराबद्दल कुजबुज आहे तिथे एकटीने जायचं नाही. मदतनीस, दुसरी आशा किंवा एएनएम ताई (उपकेंद्राच्या परिचारिका) बरोबर हव्यात, आणि हे आधीच सांगून ठेवायचं.

लैंगिक त्रासाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण पुष्कळ जणींना वाटतं की कायदा फक्त ऑफिसवाल्यांसाठी आहे. उलट आहे. १९९२ साली राजस्थानात सरकारी महिला विकास कार्यक्रमातल्या ‘साथिन’ भंवरीदेवी यांच्यावर, बालविवाह थांबवायचा प्रयत्न केल्याच्या रागातून सामूहिक अत्याचार झाला. त्यातूनच १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आला आणि पुढे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा. म्हणजे या कायद्याचं मूळच गावात घरोघर जाणाऱ्या एका बाईच्या कामात आहे. पगार असो, मानधन असो की काहीच नसो, कायदा तुम्हाला ‘कर्मचारी’ मानतो. कामानिमित्त तुम्ही जिथे जाता ती जागाही ‘कामाची जागा’ ठरते. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती असावी लागते, नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची असते, योग्य कारण असेल तर समिती मुदत वाढवू शकते. मेसेज आणि कॉलची यादी पुसू नका.

पायरी ५: वरच्यांशी बोलताना

सगळ्यांसमोर अपमान झाला की तिथल्या तिथे उत्तर द्यावंसं वाटतं, नाहीतर घरी जाऊन रडावंसं वाटतं. दोन्हींमध्ये एक जागा आहे. त्याच दिवशी, माणसं पांगल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, एकट्यात, उभ्या उभ्या दोन मिनिटं.

"मॅडम, काल रिपोर्टमध्ये माझी चूक होती, ती मी दुरुस्त केलीय. पण सगळ्यांसमोर ‘वाचता येतं का’ म्हणालात, ते मला फार लागलं. चूक झाली तर मला बाजूला घेऊन सांगा, मी लगेच दुरुस्त करेन."

चूक असेल ती आधी कबूल, घडलं ते जसंच्या तसं, लागलं ते एका वाक्यात, आणि पुढे काय हवं ते स्पष्ट. ‘तुम्ही नेहमीच’, ‘तुम्ही कधीच’, ‘सगळ्याजणी म्हणतात’ हे तीन शब्दप्रयोग टाळा. पहिल्या दोन्हींनी वाद सुरू होतो आणि तिसऱ्याने गटबाजीचा आरोप येतो. ‘मॅडम’शी बोलायला जाण्याआधी हे वाक्य मैत्रिणीपुढे मोठ्याने म्हणून बघा. मनातल्या मनात ते छान वाटतं, पण तोंडातून बाहेर पडताना दर वेळी आवाज कापतो. दोन-तीनदा कापून झाला की चौथ्यांदा कापत नाही.

पर्यवेक्षिकांसाठी, आशांवर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांसाठी वेगळं सांगायचं तर एवढंच. तुम्हीही वरून दाबल्या जाता आणि तो दाब खाली जातो, हे खालच्यांना दिसतं. चूक एकटीला सांगा, कौतुक सगळ्यांत करा, आणि एखादीचा आकडा कमी आला तर आधी विचारा, "त्या आठवड्यात काय झालं होतं?" कधी कधी उत्तर असतं, घरात मयत होती.

आणि ज्याला बोलण्याने उत्तर नाही, त्यासाठी संघटना. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली दिला. तो कुणाच्याही गोड बोलण्याने आलेला नाही.

पायरी ६: घरात मृत्यू झाला तर

याबद्दल प्रशिक्षणात फारसं कुणी बोलत नाही. नऊ महिने जिच्या भेटी दिल्या तिचं बाळ जातं, आणि दोन दिवसांत तुम्हालाच तिच्या घरी जाऊन माहितीचा फॉर्म भरायचा असतो. कधी गावातून कुजबुज येते, ‘हिनेच उशिरा नेलं.’ वरून विचारणा होते, ‘भेटी वेळेवर दिल्या होत्या का?’ स्वतःचं दुःख करायला वेळच मिळत नाही.

सांत्वनाची भेट आणि फॉर्मची भेट एकत्र करू नका. पहिल्या दिवशी पिशवी घरी ठेवून जा. ‘देवाची इच्छा’, ‘तू अजून तरुण आहेस, दुसरं होईल’ असलं काही बोलायचं नाही. "मला फार वाईट वाटतंय," एवढं पुरे. रडू आलं तर येऊ दे; आशा रडली म्हणून कुणी तिला कमी लेखल्याचं मी पाहिलेलं नाही. आईच्या अंगावरचं दूध दाटून येतं, त्याबद्दल हळूच विचारा. ते कुणाच्या लक्षात येत नाही आणि ते दुखणं फार वाईट असतं.

फॉर्मच्या भेटीला दुसरी कुणी बरोबर न्या, आणि सुरुवात अशी करा: "कुणाची चूक शोधायला हे विचारत नाहीये, पुढच्या बाळासाठी विचारतेय." मग त्या संध्याकाळी घरी एकट्या बसू नका. त्या घराशी ज्यांचा संबंध आला अशा, म्हणजे एएनएम, अंगणवाडी सेविका, तुम्ही, अर्धा तास एकत्र बसा आणि काय घडलं ते पहिल्यापासून एकमेकींना सांगा. ‘मी आदल्या दिवशी जायला हवं होतं’ हे वाक्य कुणाच्या तरी तोंडून येईलच. त्यावर ‘तसं काही नाही गं’ म्हणून घाईने झाकण घालू नका. येऊ द्या ते पूर्ण.

पायरी ७: शरीराचं थोडं

पाण्याची बाटली, नीट बसणाऱ्या चपला, डब्यात दोन घास. फिरतीवर लघवीची सोय नसते म्हणून पाणीच न पिणाऱ्या ताई मला दर तालुक्यात भेटतात, आणि मग जळजळ, डोकेदुखी, चिडचिड. कुठल्या घरी निःसंकोच विचारता येतं, अशी दोन घरं प्रत्येक वस्तीत ठरवून ठेवा. धडधड वाढली की चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, पाच वेळा. घरी गेल्यावर पंधरा मिनिटं कुणी काही मागायचं नाही, हे नवऱ्याला आणि पोरांना सांगून टाका. पहिल्या आठवड्यात कुणी ऐकणार नाही.

हे सगळं करूनही दोन आठवडे सलग मन उदास असेल, झोप किंवा भूक गेली असेल, कशातच जीव रमत नसेल, किंवा जगणं नको वाटण्याचे विचार येत असतील, तर ते नुसतं थकणं राहिलेलं नाही. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मानसिक आरोग्याची ओपीडी असते. आपण रोज दुसऱ्यांना जिथे पाठवतो तिथे स्वतः जायला लाज वाटते, ही गंमतच आहे.

पायरी ८: महिन्यातून एकदा, अर्धा तास

१९५०च्या दशकात लंडनमध्ये मायकल बॅलिंट हे मनोविश्लेषक साध्या फॅमिली डॉक्टरांचा गट घेऊन बसायचे. प्रत्येक वेळी कुणी तरी एक, मनात अडकलेल्या एका रुग्णाबद्दल बोलायचा, बाकीचे ऐकायचे. औषध काय द्यायचं हा विषयच नसायचा. त्या माणसासमोर डॉक्टरचं काय होतं, हा असायचा. हीच पद्धत आपल्या मासिक बैठकीला जोडता येते. त्यासाठी निधी लागत नाही, चहा लागतो.

सहा ते दहा जणी, जास्त नकोत. गोल बसायचं. एक जण पाच मिनिटं एका घराबद्दल सांगेल, नाव न घेता. त्या पाच मिनिटांत कुणी बोलायचं नाही, मोबाइल उलटे ठेवायचे. मग दहा मिनिटं फक्त प्रश्न: ‘ती तसं म्हणाली तेव्हा तुला काय वाटलं?’, ‘तू गेलीस तेव्हा घरात कोण होतं?’ सल्ला या दहा मिनिटांत पूर्ण बंद. ‘तू असं करायला हवं होतंस’ हे तोंडावर येतंच, तेव्हा चहाचा घोट घ्यायचा. त्यानंतर बाकीच्यांपैकी ज्यांना असंच घर भेटलंय त्यांनी आपलं सांगायचं. शेवटची पाच मिनिटं जिने सुरुवात केली तिची: पुढच्या भेटीत मी एक गोष्ट काय वेगळी करेन. खोलीतलं खोलीत. ग्रुपवर एक ओळही नाही, बैठकीचा फोटोसुद्धा नाही.

पहिल्या बैठकीत कुणी काही बोलणार नाही. शांतता पसरेल, कुणी तरी मानधनाचा विषय काढेल आणि अर्धा तास त्यातच जाईल. जाऊ द्या. दुसऱ्या वेळी एखादी बोलेल आणि तिला चौघी मिळून सल्ला देतील. तेव्हा पर्यवेक्षिकेने स्वतःचं एक फसलेलं घर सांगावं, खरंखुरं, ज्यात तिचीच चूक होती. आमच्याकडे गाडी तिथून पुढे सरकली. आणखी एक: खोलीत एकच खुर्ची असेल तर ती आधी बाहेर काढून ठेवा. पर्यवेक्षिका खुर्चीत आणि बाकीच्या सतरंजीवर, असं बसून हे होत नाही. आम्ही तीन महिने करून पाहिलं होतं.